जंगलाचे फोटो, नैसर्गिक प्रकाशात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की आणि मग पुन्हा दिवाळीनंतर, जंगलातल्या प्रकाशाबद्दल तेच तेच प्रश्न यायला लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. वाघ-बिबट्याचे फोटो हा इथला विषय नाही. झाडं, वेली, पायवाटा, ओढे, धुकं असं जंगलाचं दृश्य, आणि तेही फ्लॅश न वापरता, एवढ्यापुरतीच ही उत्तरं आहेत. सह्याद्री आणि विदर्भातली रानं डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहेत. माझं एक मत सगळ्यांच्या मागे आहे, ते आधीच सांगते: जंगल मुळात अंधारं असतं, आणि तो अंधार फोटोतही राहिला पाहिजे.

१. जंगलात फोटो काढायला सगळ्यात चांगली वेळ कोणती?

उघड्या माळावर जी वेळ सोन्याची, ती दाट झाडीत बहुतेकदा वाया जाते. सूर्योदयाला माळरान उजळतं तेव्हा झाडांखाली नुसता निळसर काळोख असतो. शिवाय आपल्याकडे सूर्य भराभर चढतो. पुण्याच्या अक्षांशावर क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला पंचवीस-तीस मिनिटं पुरतात. उत्तर युरोपातल्या फोटोग्राफरचे व्हिडिओ बघून तासाभराच्या ‘गोल्डन अवर’चा (सूर्य सहा अंशांखाली असतानाच्या सोनेरी उजेडाचा) हिशेब धरलात तर इथे फसाल.

जंगलात कामाची वेळ दोनदा येते. पहिली, उजाडल्यापासून शेंड्यांना ऊन लागेपर्यंत. तेव्हा कुठेच कडक सावली नसते, वारा पडलेला असतो आणि पानांवर दव असतं. दुसरी, ऊन तिरपं होऊन खोडांमधून आत शिरतं तेव्हाची. ही दुसरी वेळ घड्याळावर नाही, जागेवर ठरते. घाटमाथ्याच्या पूर्व उतारावर ती लवकर येते. कड्याच्या पायथ्याशी, कोकणाच्या अंगाला असलेल्या रानात सूर्य कड्यामागून डोकावायलाच पुष्कळ उशीर होतो, पण तिथे संध्याकाळ मात्र निवांत मिळते. त्यामुळे आदल्या दिवशी जागा बघून ठेवा आणि ऊन कुठल्या झाडाला किती वाजता लागतं ते लिहून ठेवा. ढगाळ दिवशी हे वेळापत्रक लागू नाही, त्यासाठी प्रश्न ३ पाहा.

२. डोळ्यांना जंगल इतकं सुंदर दिसतं, फोटोत मात्र नुसते पांढरे आणि काळे डाग. माझं काय चुकतं?

तुमचं चुकत नाही, प्रकाशातला फरक कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. सदाहरित जंगलात वर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश जमिनीपर्यंत पोचतो. म्हणजे शेंडा आणि जमीन यांत सहा-सात स्टॉपचं अंतर (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). त्यात फटीतून दिसणारं आकाश आणि खोडाची काळोखी बाजू धरली की फरक आणखी वाढतो. डोळा एकेक भाग वेगळा पाहतो, बाहुली आवळतो, सैल करतो, आणि मेंदू त्याचं एक चित्र जुळवतो. कॅमेऱ्याला सगळं एका क्षणात, एकाच एक्स्पोजरमध्ये (एका वेळी आत येऊ दिलेल्या प्रकाशात) घ्यावं लागतं.

यावर पहिला उपाय फ्रेमचा आहे. आकाश कापा. कॅमेरा जरा खाली झुकवला किंवा दोन पावलं बाजूला सरकून एखादी फांदी त्या पांढऱ्या फटीवर आणली, की निम्मं काम होतं. दुसरा उपाय ढगाची वाट पाहण्याचा. लहानसा ढग सूर्यावरून जातो तेवढी काही सेकंदंही पुरतात. आणि तिसरा उपाय म्हणजे सगळं दाखवायचा हट्ट सोडणं. उन्हातला भाग सांभाळा आणि सावली काळी पडली तर पडू द्या. वेगवेगळी एक्स्पोजर जोडण्याबद्दल प्रश्न १४ मध्ये लिहिलं आहे.

३. आभाळ भरून आलंय. आजचा दिवस फुकट जाणार का?

उलट, जंगलासाठी याहून चांगला दिवस नाही. ढगांमुळे अख्खं आकाश प्रकाश देऊ लागतं, सावल्या विरघळतात आणि प्रश्न २ मधली अडचण आपोआप मिटते. शेवाळ, नेचे, खोडांवरची दगडफुलं, कुजलेल्या पानांचे तपकिरी रंग अशाच प्रकाशात खुलतात. फक्त आकाश फ्रेममध्ये घेऊ नका. ढगाळ आकाश फोटोत कोरं पांढरं येतं आणि नजर तिकडेच जाते.

४. कॅमेरा आणि लेन्स कोणती घेऊ?

आहे ती वापरा. नवीन काही घ्यायचंच असेल तर आधी चांगला ट्रायपॉड घ्या, लेन्स नंतर. लेन्सबद्दल इतकंच सांगेन की जंगल म्हटल्यावर सगळे वाइड (रुंद दृश्य घेणारी) लेन्स लावतात, आणि मग फ्रेममध्ये शंभर काटक्या आणि चार आकाशाचे तुकडे येतात. ७०-२०० मिमीसारख्या लांब, दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने दूरची चार खोडं वेगळी काढता येतात आणि आकाशही टाळता येतं. सुरुवातीला जंगलात ‘काय घ्यायचं’ यापेक्षा ‘काय गाळायचं’ हेच अवघड जातं, त्यासाठी लांब लेन्स फार कामाची.

५. सेटिंग काय ठेवू? आकडे सांगा.

एकच आकडा सगळीकडे चालत नाही, पण अंदाज बांधता येतो. भर उन्हात, मोकळ्या जागी आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० सेकंद हे जुनं गणित आजही बरोबर येतं (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता; एफचा आकडा अॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा, आणि तो जितका लहान तितकं छिद्र मोठं). तिथून भीमाशंकरसारख्या दाट सदाहरित रानात शिरलात की सहा स्टॉप गेले असं धरा. एफ/८ ला आलात तर दोन स्टॉप परत मिळतात, उरलेले चार शटरमधून काढावे लागतात, म्हणजे साधारण १/६ सेकंद. आभाळ भरलेलं असेल तर हेच एक सेकंदापर्यंत जातं. हातात धरून हा फोटो येणार नाही, म्हणूनच वर ट्रायपॉडचा आग्रह धरला. ताडोबाच्या सागाच्या रानात एप्रिलमध्ये झाडांवर पानंच नसतात, तिथे ही अडचण अजिबात येत नाही.

अॅपर्चर एफ/८ ते एफ/११ मध्ये ठेवा. एफ/१६ च्या पुढे गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारीक पानांची धार बोथट होते. वारा असेल तर आयएसओ ८०० किंवा १६०० करायला घाबरू नका. थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालतो, हललेलं पान चालत नाही. ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावा आणि फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या.

एक्स्पोजर स्क्रीनवर बघून ठरवू नका. अंधाऱ्या झाडीत उभं राहिलं की स्क्रीन नेहमीपेक्षा उजळ भासते आणि आपण फोटो नको तितका काळा करतो. हिस्टोग्राम (फोटोतल्या काळोख्या ते उजळ भागांचा आलेख) बघा. उजवी कड चिकटली नसेल तर पुरे.

६. सगळा फोटो हिरवट येतो. माणसांचे चेहरेसुद्धा!

झाडांखाली येणारा प्रकाश पानांतून गाळून आणि पानांवर आपटून आलेला असतो, त्यामुळे तो खरोखरच हिरवा असतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक आपोआप काढणारं सेटिंग) तिथे गोंधळतो. कधी सगळं हिरवं सोडतो, कधी हिरवा मारायला जाऊन खोडं जांभळट करतो. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’वर स्थिर ठेवा, म्हणजे निदान सगळे फोटो एकसारखे येतील. मग घरी रॉमध्ये टिंट (हिरवट ते गुलाबी झाक बदलणारी पट्टी) किंचित मॅजेन्टाकडे, म्हणजे गुलाबी बाजूला न्या. अर्जुनाचं किंवा कांडोळाचं पांढुरकं खोड फ्रेममध्ये असेल तर ते राखाडी दिसेपर्यंतच न्या, त्यापुढे नको. चेहरा असेल तर माणसाला जंगलाच्या कडेला, मोकळ्या आकाशाच्या उजेडात आणा.

७. पोलरायझर खरंच लागतो का? आकाश तर फ्रेममध्ये नाहीच.

पोलरायझर म्हणजे लेन्सपुढे लावायचा, चकाकी कापणारा फिरता फिल्टर. आकाशापेक्षा पानांसाठीच तो जास्त लागतो. ओल्या पानावर आकाशाचं प्रतिबिंब पडून एक पांढरट साय धरते आणि खालचा हिरवा झाकला जातो. महाबळेश्वरच्या रानात पावसाळ्यात एखाद्या वाकड्या अंजनाच्या खोडासमोर उभं राहून फिल्टर हळूहळू फिरवा. खोडावरच्या शेवाळाचा रंग आधी गडद होतो, मग शेजारच्या जांभळीच्या पानांवरची चकाकी एकेका पानावरून पुसली जाते, आणि आणखी फिरवलं की ती परत येते. सगळी चकाकी काढू नका. ती पूर्ण गेली की पान ओलं वाटतच नाही, आणि पावसाचा फोटो कोरडा दिसतो. मी बहुतेकदा चकाकी निम्म्यावर आली की थांबते.

हा फिल्टर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे प्रश्न ५ मधला १/६ सेकंद अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. वारा असेल तर काढून ठेवा. धुक्यातही तो काही देत नाही.

८. जमिनीवर पडणारे उन्हाचे कवडसे फोटोत नुसते जळलेले ठिपके दिसतात. ते नीट कसे टिपायचे?

आधी कवडसा म्हणजे काय ते बघा, मग त्याचा फोटो सोपा होतो. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवरचे कवडसे गोल किंवा लंबगोल पडतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. लहान फट पिनहोल कॅमेऱ्यासारखं (लेन्सऐवजी बारीक भोक असलेल्या कॅमेऱ्यासारखं) काम करते. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात महाराष्ट्रात झाडांखाली चंद्रकोरीच्या आकाराचे कवडसे पडले होते, ते याच कारणाने.

प्रतिमेचा आकार फटीच्या अंतरावर ठरतो: अंतराला १०८ ने भागायचं. वीस मीटर उंचीच्या फटीतून आलेला कवडसा साधारण अठरा सेंटीमीटरचा आणि कडेने मऊ असतो. हातभर अंतरावरच्या फटीचा कवडसा बारीक आणि ठसठशीत. उंच झाडीतले कवडसे मोठे आणि सौम्य असतात, म्हणून फोटोसाठी तेच बरे. झुडपांखाली नुसतं चांदणं सांडल्यासारखं ठिपक्याठिपक्यांचं ऊन पडतं, त्यात काही वेगळं काढता येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, तसाच कवडसाही दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. म्हणजे कवडशामागे धावायची गरज नाही, त्याच्या वाटेवर आधी जाऊन बसायचं. समजा एक कवडसा सुकलेल्या पानांवर आहे आणि वीतभर पुढे नेच्याचं गुंडाळलेलं कोवळं टोक आहे. ट्रायपॉड त्या टोकावर लावा, फोकस पक्का करा. आधी टोकाची एक कड पेटते, मग त्याच्यावरची तांबूस लव दिसायला लागते, मग अख्खं वळण उजळतं आणि मागचं सगळं काळोखात असतं. तेवढ्यात चार-पाच फोटो होतात. पुढच्या मिनिटाला ऊन मागच्या पानांवर गेलेलं असतं.

एक्स्पोजर कवडशावर मोजा. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यावरचा प्रकाश मोजणं) लावा किंवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करणारं सेटिंग) उणे दीड-दोनवर न्या. आजूबाजूचं काळं होईल, आणि ते व्हायलाच हवं. पांढऱ्या किंवा चकचकीत गोष्टीवर पडलेला कवडसा मात्र हमखास जळतो. शेवाळ, माती, खोडाची साल, सुकं पान यांवरचे निवडा.

९. झाडांमधून उतरणारे किरणांचे झोत कधी दिसतात?

हवेत काहीतरी तरंगत असेल तेव्हाच: धुकं, बाष्प, धूळ किंवा धूर. स्वच्छ हवेत ऊन कितीही पडलं तरी झोत दिसत नाही. सह्याद्रीत रात्री पाऊस पडून सकाळी उघडीप झाली, की ऊन लागताच झाडीतून वाफ उठते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशा सकाळी बऱ्याच मिळतात. विदर्भात हिवाळ्यात ओढ्याकाठी आणि बांबूच्या बेटांत दिसतात.

सूर्याकडे तोंड करून, पण सूर्य खोडाआड लपवून उभे राहा. सूर्य पाठीशी घेतलात तर झोत जवळजवळ नाहीसे होतात. मागे काळोखी झाडी असेल तर ते उठून दिसतात. लेन्सला हुड लावा, काच पुसा.

झोतासाठी कुणी पालापाचोळा पेटवतं, धुराची नळकांडी नेतं. हे करू नका. मार्च-एप्रिलमध्ये सुकलेलं रान एका ठिणगीने जातं, आणि वणव्यात जमिनीवरची घरटी, सरडे, कोवळी रोपं, सगळं जातं. त्या महिन्यांत मोहाखाली किंवा शेताच्या बांधावर आधीच धूर दिसला तर त्याचा फोटो घ्यायला हरकत नाही. मात्र आग पसरताना दिसली तर कॅमेरा ठेवा आणि वनरक्षकाला कळवा.

१०. धुक्यात फोटो राखाडी आणि मेलेले येतात.

कॅमेऱ्याचं मीटर सगळं मध्यम करडं करायला बघतं. धुकं त्याच्यापेक्षा उजळ असतं, म्हणून कॅमेरा ते काळवंडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ ठेवा. (कवडशाच्या नेमकं उलट. तिथे अंधार जास्त असतो आणि कॅमेरा उगाच उजळ करतो.)

पण धुक्याच्या फोटोत खरं काम अंतराचं असतं. जवळ एखादं काळं, स्पष्ट खोड हवं, त्यामागे पुसट होत जाणारी दोन-तीन झाडं हवीत. जवळचं काहीच नसेल तर फोटो कोरा वाटतो. आंबोलीत जून ते सप्टेंबर धुकं इतकं वेळा येतं-जातं की एकाच जागी तासभर थांबलात तरी दहा वेगळी चित्रं मिळतात. त्यामुळे तिथे हिंडू नका, एक चांगलं झाड निवडून थांबा. ऑटोफोकस धुक्यात भरकटतो. तो जवळच्या खोडाच्या कडेवर लावा आणि मग मॅन्युअल करून टाका.

११. पावसात कॅमेरा कसा सांभाळू?

मोठी छत्री आणि सोबत ती धरणारा माणूस, याहून चांगला उपाय नाही. पाऊस थांबल्यावरही झाडं तासभर गळत असतात, हे लक्षात ठेवा. कॅमेऱ्याला कव्हर, खिशात सुती रुमाल, आणि लेन्सचं तोंड कायम खाली. एसी गाडीतून किंवा खोलीतून थेट दमट रानात कॅमेरा काढला की काचेवर बाष्प धरतं. पुसून उपयोग नाही, ते पुन्हा धरतं. बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेला लागू द्या. घरी आल्यावर सगळं पुसून, सुकवून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी लागते. जळवांसाठी मोजे आणि मीठ न्या. कॅमेऱ्यावर चढल्या तर काही बिघडत नाही.

१२. कुठल्या महिन्यात कुठे जाऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण एकाच राज्यात इतकी वेगळी जंगलं आणि इतका वेगळा प्रकाश मिळतो.

जून ते सप्टेंबर सह्याद्रीचे. आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर, राधानगरी. प्रकाश मंद, सावल्या नाहीत, हिरव्याच्या छटा मोजता येणार नाहीत इतक्या. पावसाच्या माऱ्यात जुलैत दिवसच्या दिवस कॅमेरा बाहेर निघत नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात पाऊस उघडझाप करायला लागतो, तेव्हा जा. सात-आठ वर्षांनी येणारा कारवीचा बहर तुमच्या भागात त्या वर्षी असेल तर सप्टेंबरात उताराचे उतार जांभळे होतात. तो ढगाळ प्रकाशातच घ्या, उन्हात जांभळा फिका पडतो.

नोव्हेंबर ते जानेवारीत ऊन तिरपं असतं. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य फक्त ४८ अंशांवर असतो, म्हणजे दुपारच्या बारालाही खोडांच्या सावल्या तिरप्या पडतात. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात, आणि त्यानंतर आठवड्याभरात चंद्रपुरात, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि खोडं स्वतःच्याच सावलीवर उभी राहतात. हिवाळ्यात दिवसभर काम करता येतं, उन्हाळ्यात येत नाही, त्याचं कारण हेच.

फेब्रुवारी-मार्च मात्र चुकवू नका. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, कुसुमाला लालभडक पालवी येते, आणि मेळघाट, ताडोबा, नागझिऱ्याच्या पानगळी रानात साग रिकामा व्हायला लागलेला असतो. त्याच दिवसांत घाटावरच्या सदाहरित झाडांना कोवळी तांबूस पालवी फुटते. वरून पाहिलं तर रान तांब्याचं वाटतं.

एप्रिल-मेमधलं पानगळी जंगल लोकांना भकास वाटतं. मला तसं वाटत नाही. पानं नसतात तेव्हा झाडाचा सांगाडा दिसतो: ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, कांडोळाचं पांढरं अंग, सागाच्या फांद्यांची जाळी. फक्त उजाडल्यापासून दीड तासात काम उरका.

१३. दुपारी बाराचं कडक ऊन आहे आणि परत येणं शक्य नाही. काहीच मिळणार नाही का?

मिळेल, पण जंगलाचं अख्खं दृश्य नाही. वर बघा. कुसुमाची किंवा सागाची पानं खालून, उन्हाआडून पाहिली की त्यांच्या शिरा दिसतात आणि रंग पेटतो. मागे दुसऱ्या झाडाची सावली येईल असा कोन शोधा. बांबूच्या दाट बेटाच्या आत दुपारीही एकसारखा उजेड असतो, तिथे शिरा (प्रश्न ६ मधला हिरवटपणा तिथे सगळ्यात जास्त असतो). खोल ओढ्यात, जिथे दोन्ही काठांची झाडं वर मिळतात, तिथेही असाच. कडक ऊन-सावलीचा फोटो घ्यायचाच असेल तर तो कृष्णधवल करा. रंग गेले की ऊन-सावलीची नक्षी हाच विषय होतो.

१४. दोन-तीन एक्स्पोजर जोडून एचडीआर करू का?

जोडायला माझी हरकत नाही, पण जंगलात दोन अडचणी आहेत. पानं हलतात, आणि जोडताना त्यांची दुहेरी कड येते. फांद्या आकाशाला भिडतात तिथे हे सगळ्यात वाईट दिसतं. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे: सॉफ्टवेअर प्रत्येक सावली उघडतं आणि अंधारं रान दुकानासारखं लख्ख दिसायला लागतं. जोडायचंच असेल तर दोनच फोटो घ्या, वारा पूर्ण पडल्यावर घ्या, आणि सावली मूळ फोटोपेक्षा एका स्टॉपहून जास्त उघडू नका. आजकालच्या सेन्सरवर रॉमध्ये हायलाइट (उजळ भाग) सांभाळून घेतलेला एकच फोटो बहुतेकदा पुरतो.

१५. मोबाईलवर हे सगळं जमेल का?

बरंचसं. उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. मग बोट खाली ओढून फोटो काळोखा करा. मोबाईल जंगलात नेहमीच नको इतकं उजळ करतो, नाइट मोड तर संध्याकाळचा दिवस करून टाकतो, तो बंद ठेवा. प्रो मोडमध्ये रॉ मिळत असेल तर घ्या. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही, तेव्हा तिथे त्यावर अवलंबून राहू नका.

१६. सफारीच्या जिप्सीतून जंगलाचे फोटो निघतात का? उतरता तर येत नाही.

निघतात, पण ट्रायपॉड विसरा. वाटाणे किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी गाडीच्या दांडीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा, आणि गाइडला इंजिन बंद करायला विनंती करा. चालू इंजिनाच्या थरथरीत १/६० लाही फोटो हलतो. वाघ दिसत नसेल तर बाकीच्या गाड्या पळत असतात. तुम्ही सुरुवातीलाच गाइडला आणि ड्रायव्हरदादांना सांगा की आम्हाला झाडांचे फोटो हवेत. त्यांना रान तोंडपाठ असतं, चांगला उजेड कुठल्या वळणावर येतो तेही माहीत असतं. सकाळच्या फेरीत पुढच्या गाडीने उडवलेली धूळ वैताग आणते, पण तीच धूळ उन्हाआड आली की प्रश्न ९ मधले झोत दिसतात. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असतं.

१७. रिफ्लेक्टर किंवा टॉर्च वापरली तर तो नैसर्गिक प्रकाशच ना?

रिफ्लेक्टर हो. तो तिथलाच उजेड परत फिरवतो, आणि आळंबीसारख्या जमिनीलगतच्या गोष्टीखाली वहीच्या आकाराचा पांढरा कागदही पुरतो. टॉर्च नाही. रात्री बेडकांवर, घुबडांवर टॉर्च किंवा फ्लॅश मारणं तर साफ चूक आहे. त्यांचे डोळे दिपतात आणि काही काळ त्यांना भक्ष्यही दिसत नाही, शत्रूही नाही. उजेड यावा म्हणून फांदी तोडणं, रोप उपटणंही नको. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि बाहेरही तसं करायचं कारण नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

१८. देवराईत फोटो काढायला काही वेगळे नियम आहेत का?

प्रत्येक गावाचे वेगळे. गावात आधी जा, पुजारीबाबांना किंवा जुन्या माणसांना विचारा. कुठे चपला बाहेर काढतात, कुठे देवाचा फोटो चालत नाही, कुठे बायकांना ठरावीक जागेपुढे जाऊ देत नाहीत. नियम पटला नाही तरी परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. रान त्यांनी राखलं आहे.

प्रकाशाच्या दृष्टीने देवराई म्हणजे लहानशा जागेत जुनं जंगल. बाहेर लख्ख शेत आणि आत दिवसाढवळ्या अंधार. आत गेल्यावर दहा मिनिटं कॅमेरा काढूच नका, डोळे सरावू द्या. झाडांच्या मधून बाहेरचं शेत दिसतं ती पांढरी भिंत फ्रेममध्ये येऊ देऊ नका, देवराईच्या मध्याकडे तोंड करून उभे राहा. गारंबीच्या वेलीसारख्या जाडजूड वेली आतच असतात, आणि त्यांच्या वळणांवर वरून झिरपणारा उजेड पडतो तो कित्येक सेकंदांच्या एक्स्पोजरमध्येच दिसतो.

१९. चांदण्यात, किंवा काजव्यांच्या आणि चमकणाऱ्या बुरशीच्या उजेडात फोटो येतात का?

येतात. पौर्णिमेचा चंद्र उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतकाच उजेड देतो, म्हणजे साडेअठरा स्टॉप कमी. प्रश्न ५ च्या गणिताने एफ/२.८, आयएसओ १६०० ला मोकळ्यावर आठेक सेकंद येतात. पानगळ झालेल्या रानात थोडे जास्त धरा. दाट झाडीत चांदण्याचा उपयोग नाही. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या प्राण्यांच्या नोंदीसाठी वनविभाग मचाणावर बसू देतो, तेव्हा समोरच्या कांडोळाचा असा फोटो मिळू शकतो, पण नोंदीचं काम आधी. फोटो दिवसासारखा उजळ करू नका, तसा केला तर तो चांदण्याचा वाटणारच नाही.

काजवे मेच्या अखेरीपासून पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत. भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते एकसाथ लुकलुकतात. पंधरा-वीस सेकंदांचे फोटो एकाच जागेवरून घ्या. अनेक फोटो एकावर एक रचले तर तसं सांगा, कारण डोळ्यांना एका क्षणी इतके काजवे दिसलेले नसतात. गाडीचे दिवे, मोबाईल, टॉर्च यांनी काजव्यांचे इशारे एकमेकांपर्यंत पोचत नाहीत आणि मीलन बिघडतं. गर्दीच्या शनिवार-रविवारी जाऊ नका.

भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट चमकते. तिचा उजेड इतका मंद असतो की डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात. एफ/२.८, आयएसओ ३२००, तीस सेकंद इथून सुरू करा. फोकस अंधार पडण्याआधीच लावून ठेवा. रात्री अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय आणि स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका.

२०. स्क्रीनवर छान दिसणारा अंधारा फोटो प्रिंटमध्ये पूर्ण काळा आला. आता काय?

स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही. त्यामुळे काळोख्या फोटोत हा फरक सगळ्यात जास्त बोचतो. एडिटिंग करताना स्क्रीनची ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास आणा आणि खोलीत दिवा चालू ठेवा. मग अख्खा फोटो उजळ करू नका, त्याने प्रश्न १४ मधला लख्खपणा येतो. सावलीचा मधला भाग तेवढा किंचित उचला आणि अगदी काळे भाग काळेच राहू द्या. मॅट कागदावर काळा फिका पडतो आणि सावलीतले बारकावे एकमेकांत मिसळतात, म्हणून अशा फोटोंना लस्टर (किंचित चमक असलेला कागद) बरा. मोठी प्रिंट काढण्याआधी फोटोची एक चिंचोळी पट्टी, ज्यात उजळ आणि काळोखा दोन्ही भाग येतील अशी, त्याच कागदावर काढून घ्या, आणि ती जिथे फोटो लावायचा आहे त्याच भिंतीवर धरून दिवसा आणि दिव्याच्या उजेडात, दोन्ही वेळा बघा.